लोखंडाला चिकटलेला थर

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का शाळेत होती तेव्हा तिने घरातली चहाची किटली हातोडीने फोडली. किटली चांगली होती, फक्त आतून पांढरा थर धरलेली. तो थर येतो कुठून, हे तिला बघायचं होतं. वडील भयंकर तापट. त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि तिला असं झोडपलं की शेजारीण दारावर थापा मारून ओरडली, "अहो, मरेल पोरगी!" माझी बायको तेव्हा खाटेखाली लपली होती. ती सांगते, अक्काने चांगलं भोकाड पसरलं, नाक-डोळे एक केले, पण उजवी मूठ काही उघडली नाही. मुठीत त्या थराची खपली होती.

पुढे तीच खपली तिचा व्यवसाय झाली. अक्का भूरसायनशास्त्रज्ञ आहे. झरे, विहिरी आणि जमिनीतून वर येणारं गरम पाणी यांत कोणकोणते धातू विरघळलेले असतात, ते ती मोजते. लग्नानंतर पहिल्यांदा तिची माझी भेट झाली तेव्हा मी सहज म्हणालो, "म्हणजे पाणी तपासायचं. शांत काम आहे."

"पाणी म्हणजे गरीब गाय वाटते का तुम्हाला, भाऊजी?" ती म्हणाली. आणि जेवण गार होईपर्यंत तिने मला ऐकवलं. जमिनीखाली खोल, जिथे खडक तापलेले असतात, तिथलं पाणी किटलीतल्या पाण्याच्या कितीतरी पट तापतं. तरी त्याला उकळता येत नाही, कारण वरून दाब इतका असतो की फुगायला जागाच नसते. तसं कोंडलेलं, पिसाळलेलं पाणी खडकावर तुटून पडतं. तांबं, जस्त, शिसं, पारा, आर्सेनिक, जे हाती लागेल ते ओरबाडून घेतं आणि फट सापडली की वर धावतं. वर आल्यावर थंड झालं की अंगावरचं ओझं टाकून देतं. काही टाकतं, काही टाकत नाही. "जे टाकत नाही, ते आपण पितो," अक्का म्हणाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. माझा पेला मी खाली ठेवला होता.

तिचा डावा पाय घोट्यापासून खाली गुळगुळीत आहे. त्यावर केस नाहीत, रेषा नाहीत. संशोधन सुरू केलं त्या वर्षी ती तिच्या सरांबरोबर उकळत्या झऱ्यांच्या माळावर गेली होती. तिथली जमीन वरून पांढरी, कोरडी, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. सर दोन पावलं पुढे होते. पापुद्रा फुटला आणि सर कमरेपर्यंत आत गेले. अक्काने त्यांना काखेत धरून ओढलं, तेव्हा तिचाही पाय आत गेला. सर बाहेर निघाले, पण त्यांच्या पायांची कातडी मोज्यांबरोबर निघून आली. इस्पितळात ते आठवडाभर किंचाळत होते आणि मग गेले. अक्का बरी झाल्यावर पुन्हा त्याच माळावर गेली.

"ते पाणी माणसं खातं, तू परत जाऊ नकोस," बायको तिला म्हणाली होती.

"आधी दगड खातं. माणसं नंतर," अक्का म्हणाली.

त्या माळाच्या खाली, डोंगराच्या उताराला, दगडखाणीतल्या कामगारांची वस्ती आहे. खाणीच्या धुळीने तिथली विहीर बुजल्यात जमा होती. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी माळाच्या कडेचा एक कोमट झरा टाकीत अडवून, टाकीतून लोखंडी नळ वस्तीपर्यंत आणला गेला. पाणी नितळ, वास नाही, चवीला बरं. वस्तीला ते देवदूतासारखं वाटलं. नळ घातला तो वस्तीतल्याच एका नळ बसवणाऱ्या माणसाने. धिप्पाड, कमी बोलणारा, हात उगारायला मागेपुढे न पाहणारा माणूस. सगळे त्याला नळवाला म्हणत. त्याची मुलगी वस्तीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान चालवते.

या मुलीमुळेच अक्काचं लक्ष त्या पाण्याकडे गेलं. माळावरून येताना तिचा रेशमी दुपट्टा काट्याला लागून फाटला आणि तो शिवून घ्यायला ती त्या दुकानात शिरली. मुलगी दुपट्ट्यावरून हात फिरवायची आणि दर वेळी रेशमाचा धागा तिच्या तळव्याला अडकायचा. मुलगी ओशाळली. "माझा हातच खरखरीत आहे, बाई. रेशीम घेतच नाही मी हल्ली." अक्काने तिचा हात उलटा करून पाहिला. तळवाभर बाजरीच्या दाण्यांसारखे कठीण फोड होते. मानेवर काळे-पांढरे ठिपके.

"घरात आणखी कोणाला आहे असं?"

"आईला आहे. तिला तर चालवतही नाही. अंथरुणालाच आहे."

बरीच वर्षं आर्सेनिकचं पाणी पोटात गेलं की हात असे होतात. अक्काने टाकीचं पाणी तीन-चारदा नेऊन तपासलं, दर वेळी त्यात आर्सेनिक भरपूर निघालं. तिने तसं कळवलं, तर पाणीपुरवठ्याच्या वरच्या कार्यालयाने उत्तर पाठवलं की एवढ्याशा नमुन्यांवर वस्तीचं पाणी तोडता येत नाही, पुन्हा नमुने घ्या.

इथे तिच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा रक्तपात त्या पद्धतीवरून झाला. झऱ्याचं पाणी नुसतं बाटलीत भरून नेलं तर वाटेत त्यातलं लोखंड गंजून तळाशी बसतं आणि जाताना आर्सेनिकलाही खाली ओढतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वरचं पाणी साळसूद झालेलं असतं. म्हणून पाणी तिथल्या तिथे गाळायचं आणि बाटलीत ड्रॉपरने आम्लाचे थोडे थेंब सोडायचे. मग धातू विरघळलेले राहतात. अक्का टाकीच्या काठावर गुडघे टेकून हे करायची. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. आम्लाच्या बाटलीचं बूच काढलं की नाकाला झोंबायचं. पाणी भरायला आलेल्या बायका लांबून बघायच्या. त्यांनी तिचं नाव ठेवलं, थेंबवाली.

पुन्हा नमुने घ्यायला ती निघाली तो रविवार होता. ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून गाडी मी चालवत होतो. टाकीजवळ नळाच्या कापलेल्या तुकड्यांचा ढीग पडला होता. आदल्या आठवड्यात नळवाल्याने तुंबलेला भाग बदलला होता. अक्काने एक तुकडा उचलून डोळ्याला लावला आणि लहान मुलीसारखी खूश झाली. आतून थरावर थर चढून मधे जेमतेम बोट जाईल एवढं भोक उरलं होतं.

"भाऊजी, हे सगळं गाडीत टाकायचं. पण आधी पाणी भरते."

ती वाकून बाटल्या भरत होती तेव्हा वस्तीकडून माणसं वर येताना दिसली. नळवाल्याची बायको आदल्या दिवशी गेली होती. आम्हाला पत्ता नव्हता. माणसं स्मशानातून सरळ इकडेच आली होती, वाटेत वस्तीतल्या बायकाही मागे लागल्या होत्या. नळवाला पुढे होता, डोळे सुजलेले.

"काय टाकतेस गं पाण्यात?" तो लांबूनच ओरडला.

"पाण्यात नाही, बाटलीत. हे बघा..."

अक्काने बाटली वर धरली. तीच चूक झाली. बूच उघडं होतं, आम्लाचा वास सुटला आणि मागून एक बाई किंचाळली, "तेच! तेच आहे ते! रोज ओतते मेली!"

पुढचं मी पाहिलं ते तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. कोणीतरी मला मागून मिठी मारून आडवा पाडला आणि माझ्या छातीवर बसला. माझा चष्मा त्याच्या गुडघ्याखाली फुटला. मी खालून बघत होतो. बाटल्यांची पेटी दगडावर आपटली. एका बाईने अक्काचे केस धरून तिला टाकीच्या काठावर ओढलं. काठाने तिची हनुवटी फाटली. दुसरी तिच्या पाठीत चपलेने मारत होती आणि प्रत्येक फटक्याला एकेका आजाऱ्याचं नाव घेत होती. अक्का ओरडत होती, "टाकीला हात लावू नका! पिऊ नका ते पाणी!" तिने गप्प राहायला हवं होतं. नळवाल्याने ढिगातला एक तुकडा उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि खाली आणला. अक्का ऐन वेळी वळली, म्हणून डोकं वाचलं. खांद्याजवळ बसला. हाड मोडल्याचा आवाज छातीवरचा माणूस शिव्या देत असतानाही मला ऐकू आला.

त्याने परत उगारला. तेव्हा अक्काने डाव्या हाताने नळाचं दुसरं टोक धरलं. तो ओढायचा, ती फरफटत जायची, पण सोडायची नाही. शेवटी त्यानेच सोडला. मला वाटतं, आपण काय करतोय हे त्याला तेवढ्यात दिसलं. तो मटकन खाली बसला आणि गर्दीही ढिली पडली. मी अक्काला गाडीत घातलं. तिच्या हनुवटीतून रक्ताची धार लागली होती, उजवा हात लोंबत होता आणि डाव्या काखेत तो तुकडा होता.

इस्पितळात नर्स तो काढून घेऊ लागली तर अक्का तिच्यावर खेकसली, "नमुना आहे तो!"

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. नळवाल्याला त्याने सकाळीच उचललं होतं. अक्काच्या उशाशी तो तुकडा बघून त्याने हवालदाराला कापड काढायला सांगितलं.

"हे हत्यार जप्त करावं लागेल, बाई."

"हत्यार नाही. नमुना आहे."

"यानेच मारलं ना तुम्हाला?"

"जप्त केल्यावर परत कधी मिळेल?"

"खटला संपला की."

"म्हणजे किती?"

फौजदार प्रामाणिक माणूस होता. "माझी बदली होईल, मग माझ्या जागेवर येईल त्याचीही होईल," तो म्हणाला.

अक्का छताकडे बघत पडून राहिली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाटल्या फुटल्या होत्या. ढिगातले बाकीचे तुकडे त्याच संध्याकाळी भंगारात गेले होते. टाकीवर आणि नळावर वस्तीने काठ्या घेऊन पहारा बसवला होता, थेंबवालीचं कोणी फिरकलं तर तंगडं मोडायचं म्हणून. आता कोणीही पाणी तपासलं आणि त्यात विष सापडलं, तरी वस्ती हेच म्हणणार होती की ते थेंबवालीनेच टाकलं. ती यायच्या आधीपासून विष होतं, हे दाखवायला तो एकच तुकडा उरला होता. आणि तोवर वस्ती तेच पाणी पीत राहणार होती. ती शिलाईवाली मुलगीही.

"साहेब, लिहून घ्या," अक्का म्हणाली. "मी टाकीच्या काठावरून घसरून पडले. मला कोणी मारलं नाही."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. माझी बायको दारातच होती. तिने हातातला डबा भिंतीवर फेकून मारला.

"घसरलीस? तुझं थोबाड बघितलंस का आरशात? त्याने तुला ठार मारलं असतं, आणि तू त्याला सोडतेस? कशासाठी? गंजक्या नळासाठी?"

"हो."

"लहानपणी बाबांनी फोडून काढलं तेव्हाही तू अशीच..."

"त्याला शिक्षा होऊन माझं हाड जुळणार आहे का?" अक्का म्हणाली. "मारलंच नाही म्हटलं की हे हत्यार उरत नाही. साहेब, बरोबर ना?"

"कायद्याने बरोबर आहे," फौजदार म्हणाला. "डोक्याने नाही." त्याने मला बाहेर नेऊन विचारलं, या बाई कायम अशाच असतात का. मी हो म्हणालो.

नळवाला सुटला. पंधरवड्याने, हात गळ्यात अडकवलेला असताना, अक्काने प्रयोगशाळेत तो तुकडा उभा चिरवून घेतला. आतले थर कांद्यासारखे दिसत होते, तांबडे, पिवळे, करडे. तिने मला समजावलं की थर आतून चढत जातो, म्हणजे भोकाजवळचा सर्वांत नवा आणि लोखंडाला चिकटलेला सर्वांत जुना. नळ नवा होता तेव्हा वाहिलेल्या पाण्याने टाकलेला. तोच तिने आधी तपासला. मग त्यातला अर्धा तुकडा पिशवीत घालून म्हणाली, "भाऊजी, गाडी काढा. त्याच्या घरी जायचंय."

बायको दार अडवून उभी राहिली. मग स्वतःच गाडीत येऊन बसली. तिच्या मांडीवर स्वयंपाकघरातलं लाटणं होतं.

वस्तीच्या तोंडाशी चार-पाच काठीवाले आडवे आले. "थेंबवाली आली रे!" एकाने बॉनेटवर काठी हाणली. गोंगाट ऐकून शिलाईच्या दुकानातून मुलगी बाहेर आली. "गाडी सोडा. माझ्या घरी आल्यात त्या," ती म्हणाली. काठ्या खाली झाल्या, पण काठीवाले घरापर्यंत मागे आले आणि दारात उभे राहिले.

घर एका खोलीचं. नळवाला भिंतीला टेकून बसला होता. तो उठला नाही. अक्काने तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"ओळखलात?"

"कशाला टोचताय, बाई? आत टाकायचं तर टाका."

"टोचायला नाही आले. हा कापला कोणी?"

"मी."

"आणि बसवला कोणी?"

"मीच. सगळी लाइन माझ्या हातची आहे."

"केव्हा?"

त्याने मुलीकडे बघितलं. "हिचा जन्म झाला त्या साली."

"म्हणजे लोखंडाला चिकटलेला हा थर हिच्या वयाचा. तेव्हा मी तुमच्या टाकीवर येत होते का?"

त्याने थरावरून बोट फिरवलं. दारातला एक काठीवाला म्हणाला, "बोलण्यात गुंतवायची कला आहे बाईला."

अक्काने पिशवीतून छोटी काचेची बाटली, जस्ताचे दाणे, रसायन लावलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि त्याच आम्लाची दुसरी बाटली काढली. त्या मारामारीच्या वेळी ती गाडीत राहून वाचली होती. ती बघताच नळवाला ताडकन उठला. माझ्या बायकोचा हात लाटण्यावर गेला.

"हेच ते!"

"हेच. म्हणून आधी याचीच परीक्षा. खिडकी उघडा, याचा वायू वाईट असतो." तिने बाटलीत फक्त आम्ल आणि जस्त घातलं आणि तोंडावर पट्टी बसवली. "विष असेल तर पट्टी पिवळी होऊन तपकिरी होईल."

आत बुडबुडे फसफसत होते. सगळे वाकून बघत होते. पट्टी पांढरीच राहिली.

"आता तुम्ही खरवडा. मी हात लावत नाही. लोखंडाजवळचं."

नळवाल्याने मुलीची शिलाईची कात्री घेतली आणि टोकाने तो थर खरवडला. भुगा त्यानेच बाटलीत टाकला. नवी पट्टी मुलीने बसवली. आधी काहीच झालं नाही. मग मधोमध लिंबासारखा पिवळा डाग उमटला, पसरला आणि बघता बघता तपकिरी झाला. मुलीने स्वतःचा तळवा उलटा केला आणि पट्टीशेजारी धरला. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मीच आणलं," नळवाला म्हणाला. "मीच आणून पाजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं," अक्का म्हणाली.

त्याने डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत, पलिस्तरावर लाल ठसा उमटेपर्यंत. मुलीने त्याला ओढलं तेव्हा त्याने तिला झिडकारलं, कोपऱ्यातला घण उचलला आणि दारातल्या काठीवाल्यांना बाजूला ढकलून डोंगराकडे धावत सुटला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याने टाकीखालचा पहिला जोड फोडला होता. पाणी पुरुषभर उंच उडत होतं. पहारेकरी त्याच्यावर तुटून पडले होते. अक्कासाठी घेतलेल्या काठ्या त्याच, आणि शिव्याही त्याच. त्यांना पट्टीचं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की एक वेडा त्यांचं पाणी फोडतोय. एकाने त्याच्या तोंडावर काठीचं टोक हाणलं, दात तुटून बाहेर पडले. तरी तो दुसऱ्या जोडावर घण घालत होता. "मी घातलाय! मीच फोडणार!" त्याचे शब्द फुटक्या तोंडातून नीट निघत नव्हते. मुलगी ती तपकिरी पट्टी हातात धरून एकेकाच्या तोंडासमोर नाचवत होती. "बघा! माझी आई यानेच गेली! बघा!" आमच्या मागे आलेले काठीवाले आता त्यांच्याच माणसांच्या काठ्या धरत होते. अक्का एका हाताने मधे घुसली. एक फटका तिच्या पाठीवर बसला. माझ्या बायकोने मारणाऱ्याच्या मनगटावर लाटणं असं घातलं की तो खाली बसून हात झटकत राहिला.

हळूहळू काठ्या थांबल्या. कोणाला पटलं, कोणी दमलं. नळ ठिकठिकाणी फुटला होता आणि वस्तीकडे जाणारं पाणी दगडांतून वाट काढत उतारावर पसरत होतं. खाणीच्या मालकाने टँकर सुरू केला तो त्यानंतर, आणि तेही अक्काने त्याच्या कचेरीत आदळआपट केल्यावर. अक्काचा खांदा वाकडा जुळला, उजवा हात आजही डोक्यावर जात नाही. वेणी माझी बायको घालून देते आणि घालताना दर वेळी बोलते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी नळवाला चिखलात पडला होता. तोंड रक्ताने भरलेलं. त्याने चाचपून नळाचा एक फुटका तुकडा उचलला आणि अक्काच्या दिशेने हात वर केला. तोच हात आणि तेच लोखंड. मी पुढे सरकलो, पण अक्काने मला कोपराने मागे सारलं, तुकडा घेतला आणि उजेडाकडे धरून आत बघितलं.

"कोणत्या जोडाजवळचा हा?"

"टाकीजवळचा," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यात आधी घातलेला."

"बरं," अक्का म्हणाली. "उठा. तोंड धुवून घ्या." तो वाहत्या पाण्याकडे वळून ओंजळ धरणार, तेवढ्यात तिने त्याच्या हातावर फटका मारला. "या पाण्याने नाही!"